सूर्य मावळतो, यात बेभरवशाचे काय?

सौर आणि पवनऊर्जेला सरसकट ‘बेभरवशाची वीज’ म्हणून मोकळे होण्याची सवय मला खटकते, कारण त्या एका शब्दात निदान तीन निराळ्या अडचणी कोंबलेल्या असतात आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिली अडचण रात्रीची. सूर्यास्ताची वेळ वर्षभर आधी मिनिटासह सांगता येते, म्हणजे येथे प्रश्न भरवशाचा नसून वेळ न जुळण्याचा आहे. दुपारी वीज भरपूर असते आणि संध्याकाळी, नेमकी मागणी चढू लागते तेव्हा, सौर उत्पादन उतरते. कॅलिफोर्नियाच्या वीजजाळ्याच्या (ग्रीडच्या) चालकांनी 2013 मध्ये काढलेला या परिस्थितीचा आलेख बदकाच्या आकारामुळे प्रसिद्ध झाला (बदक दिसायला थोडी कल्पनाशक्ती लागते, हे खरे). आधी माहीत असलेला बदल कितीही मोठा असला तरी सांभाळता येतो. 20 मार्च 2015 च्या सूर्यग्रहणात युरोपातील सौर उत्पादन काही गिगावॉटने घसरून पुन्हा झपाट्याने वर आले, पण तयारी आधीपासून असल्यामुळे कोठेही अंधार झाला नाही.

दुसरी अडचण मिनिटांची. छतावरील पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरचा आकडा पाहत उभे राहिले, तर एक दाट ढग सूर्यावरून सरकताच तीन किलोवॉटचे एक किलोवॉटही उरत नाही आणि ढग पुढे गेला की आकडा पुन्हा पूर्ववत होतो. वाऱ्याचे गणित याहून तिखट आहे. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग सेकंदाला 10 मीटरवरून 8 मीटरवर आला, म्हणजे केवळ पाचव्या हिश्शाने कमी झाला, तरी वाऱ्यातील शक्ती जवळजवळ निम्मी होते. आणि वेग साधारण 25 मीटरच्या पुढे गेला की बहुतेक पवनचक्क्या स्वतःला वाचवण्यासाठी थांबतात. मात्र एकच ढग शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या सगळ्या पॅनेलांवर एकाच क्षणी येत नाही, म्हणून ग्रीड जितका विस्तृत तितके हे चढउतार एकमेकांत विरून जातात. उरलेली तफावत बॅटऱ्या सेकंदाच्या आत भरून काढू शकतात.

खरी डोकेदुखी तिसरी आहे. हिवाळ्यात ढग दाटून राहतात, वारा पडतो आणि ही स्थिती एका विस्तीर्ण प्रदेशावर कित्येक दिवस ठाण मांडून बसते. जर्मन भाषेत तिला ‘डुंकेलफ्लाउटे’, म्हणजे अंधारी, वारा पडलेली स्थिती, असा स्वतंत्र शब्दच आहे. ग्रीडला जोडलेल्या बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या पूर्ण क्षमतेने दोन ते चार तास चालतात, त्यामुळे आठवडाभराची उणीव भरायची तर त्यांची संख्या अनेक पटींनी वाढवावी लागेल. पण अडते ते संख्येपेक्षा हिशोबावर. संध्याकाळसाठी बसवलेली बॅटरी वर्षातून 365 वेळा भरते आणि रिकामी होते, तर अशा आठवड्यासाठी राखून ठेवलेली बॅटरी वर्षातून एक-दोनदाच कामाला येते, आणि तेवढ्यावर तिची किंमत वसूल करायची तर तिच्यातून निघणारी प्रत्येक युनिट शेकडो पटींनी महाग पडते. म्हणून तेथे मोठ्या जलाशयांतील पाणी, दूरच्या प्रदेशांना जोडणाऱ्या वाहिन्या किंवा एरवी बंद राहणारी वायूवरील केंद्रे हाताशी ठेवावी लागतात. आणि वर्षभर थांबून राहण्याचे मोल त्यांना कोणत्या हिशोबाने द्यायचे, यावर वीजबाजारांत अजून वाद चालू आहेत.