तुम्ही विचारलंत म्हणून: एकच फिल्म आडवी ओढली की सैल, उभी ओढली की ताठ का?

द्रवस्फटिकी (लिक्विड क्रिस्टल) रबराची फिल्म हातात घेतली की हा प्रश्न ठरलेला. एका दिशेने ओढताना जोर लागतो, आडवी ओढली की बराच वेळ अलगद लांबत जाते आणि मध्येच पांढुरकी होते. बिघडली का?

नाही. ही फिल्म नेमॅटिक, म्हणजे थर नसलेल्या पण एका दिशेला कललेल्या काड्यांच्या रबराची. त्याच्या साखळ्यांत काडीसारखे ताठ रेणू गुंफलेले असतात; त्यांनाच इथे काड्या म्हटलंय. सगळ्या काड्या एकीकडे कलल्या की साखळीचा गुंताही त्या दिशेला लांबोळा होतो. आडवं ओढलं की जाळं ताणलं जाण्याआधी काड्याच वळतात. लांबोळा गुंता नुसता फिरतो, त्याचा आकार तोच राहतो, म्हणून ऊर्जा फारशी लागत नाही. ताणाच्या आलेखात तिथे सपाट पट्टा दिसतो. काड्या पुऱ्या वळल्या की रेघ पुन्हा चढते. वळताना काही डावीकडे जातात, काही उजवीकडे; त्यांचे बारीक पट्टे पडतात, प्रकाश विखुरतो आणि फिल्म पांढुरकी होते. आणखी ओढा, परत स्वच्छ होते.

करून बघायचं असेल तर: आरएम257 (काडीसारखा रेणू, दोन्ही टोकांना ॲक्रिलेट हा जोडणारा गट) 4 ग्रॅम, टोल्युइन (द्रावक) 1.6 ग्रॅम, 80 अंश सेल्सिअसवर विरघळवा. त्यात ॲक्रिलेटला जोडले जाणारे दोन थायॉल, पीईटीएमपी 0.217 ग्रॅम आणि ईडीडीईटी 0.916 ग्रॅम, आणि चिमूटभर प्रकाश-आरंभक (प्रकाश पडला की जोडणी सुरू करणारा पदार्थ). ॲक्रिलेट थायॉलपेक्षा मुद्दाम सुमारे 15 टक्के जास्त ठेवलेलं आहे. पहिलं जाळं बसल्यावर टोल्युइन उडवायचं, पट्टी ताणून धरायची आणि अतिनील प्रकाशात उरलेलं ॲक्रिलेट जोडून ती दिशा पक्की करायची. पहिलं जाळं बसवणारा डायप्रोपिलअमाइन उत्प्रेरक टोल्युइनमध्ये पातळ करून, मिश्रणात बाकी सगळं पडल्यावर अगदी शेवटी घाला; जास्त पडला तर बुडबुडे काढायच्या आतच मिश्रण थिजतं. टोल्युइन आत राहिलं तर संक्रमण-तापमान (ज्या तापमानाला काड्यांची रांग मोडते ते) खाली घसरतं आणि आकडे फसवे येतात.

मोजताना घाई नडते. भराभर ओढलं तर काड्यांना वळायला वेळ मिळत नाही आणि सपाट पट्टा पुसला जातो. थोडं ओढा, बल स्थिरावू द्या, मग पुढे. पट्टी रुंदीच्या मानाने चांगली लांब घ्या, कारण चिमट्यांजवळ काड्या धड वळत नाहीत. आणि मोजण्याआधी फिल्म एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (पोलरायझर) फिरवून बघाच. नीट रांगेत असेल तर एका कोनात काळी पडते, तिथून 45 अंशांवर उजळते. कुठेच काळी होत नसेल तर रांगच लागलेली नाही. यंत्रावर चढवू नका.

स्मेक्टिक फिल्मची गोष्ट वेगळी. तिच्यात काड्यांचे थर असतात. थरांच्या पातळीत ती साध्या रबरासारखी वागते, पण थरांना काटकोनात ओढलं तर कितीतरी पट ताठ, कारण थरांमधलं अंतर सहजी वाढत नाही. काही टक्के ताणल्यावर थरांमधलं अंतर वाढण्याऐवजी थर दुमडतात. तिथेही फिल्म पांढुरकी होते, पण कारण निराळं.