मॅडम, तो लांबलचक शब्द कसा म्हणायचा?

इंग्रजी संभाषणाच्या वर्गात हा प्रश्न दर बॅचला येतो. शब्द म्हणजे अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. इंग्रजीत याहून लांब शब्द आहेत, पण मान यालाच मिळतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

स्पेलिंगमध्ये २८ अक्षरं आहेत, पण उच्चाराचे तुकडे १२च: अँ-टि-डिस-इ-स्टॅब-लिश-मन-टेअ-रि-अ-नि-झम. शब्दकोशात ओळ तोडण्यासाठी दिलेल्या खुणांवर उच्चार बेतू नका.  बोलताना 'मेंट'मधला ट पुढे सरकून 'टेअ' होतो. अमेरिकन माणूस 'टि'च्या जागी 'टाय'ही म्हणेल, चालतं.

तुकडे कुणालाही जमतात, अडतं ते जोरावर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत एक तुकडा बाकीच्यांना दामटून पुढे येतो. 'एस्टॅब्लिश'मध्ये तो मान 'स्टॅब'चा. पण शेपटीला 'एरियन' लागलं की जोर उठून आठव्या तुकड्यावर, 'टेअ'वर जातो आणि 'स्टॅब'कडे दुय्यम जोर उरतो. 'मन' तर जवळजवळ पुटपुटायचा.

सराव शेवटाकडून करा. आधी नुसतं 'टेअरिअनिझम' घोळवा. मग त्याच्या आधी 'स्टॅब्लिशमन' जोडा, मग 'डिसइ', सगळ्यात शेवटी 'अँटि'. प्रत्येक वेळी तोंड ओळखीच्या भागाकडे धावतं, म्हणून दम टिकतो.

आता अर्थ. इंग्लंडचं अँग्लिकन चर्च राजमान्य आहे: राजा त्याचा प्रमुख, आणि २६ बिशप ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ, म्हणजे लॉर्ड्सच्या सभागृहात बसतात. ही राजमान्यता काढणं म्हणजे डिसएस्टॅब्लिशमेंट. आयर्लंडमध्ये ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने १८६९मध्ये तसा कायदा केला, तो १८७१पासून लागू झाला. वेल्सचा कायदा १९१४चा, पण महायुद्धामुळे अंमल १९२०मध्ये. भारतातलं अँग्लिकन चर्चही १९२७च्या कायद्यानुसार १९३०मध्ये इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं.

राजमान्यता काढायला विरोध करणाऱ्यांची भूमिका म्हणजे आपला शब्द. 'अँटि' आणि 'डिस' असे दोन नकार त्यात लागोपाठ येतात. घाईत 'अँटि' गिळलात, तर तुम्ही थेट समोरच्या गटात जाऊन बसता.