मामाच्या मोबाईलात अडकलेला ३०१

सकाळी सव्वाअकराला मामाचा फोन. मागं यार्डातला कालवा चालू अन् मामा ओरडून ओरडून विचारायलाय, "भाचेबुवा, साइटवर सोयाबीन एक रुपया क्विंटल कामून दाखवायलंय? लोक फोन करून हसायलेत राव!"

मी लॅपटॉपवर साइट उघडली तर सगळं ठीक, खरे भाव दिसायलेत. म्हटलं मामा, पेज रिफ्रेश करा. "केलं की, धा बार केलं." मग फोन बंद करून चालू करा. तेही झालं, तरी एकच रुपया. तेव्हा डोक्यात उजेड पडला की सकाळी साडेनऊला मी जी माती खाल्ली होती ती मामाच्या मोबाईलात जाऊन बसलीय.

थोडं मागचं सांगतो. मामाची लातूरला आडत आहे. रोजचे तूर, सोयाबीन, हरभऱ्याचे भाव टाकायला एक साधी साइट आहे, लातूर, उदगीर, हिंगोली, धाराशिव असं गावागणिक एकेक पान. आधी ती पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत होती, ज्या पोरानं बनवली तो पुण्याला गेला अन् मग ती माझ्या गळ्यात आली. नवी मी नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) लिहिली, पण जुन्या पीएचपीतली पट्ट्यांची, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या पावत्यांची, नोंद अजून तिथंच होती, ती एका रात्रीत हलवणं काही शक्य नव्हतं. म्हणून सर्व्हर एकच, त्यावर नोड ३००० पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं नंबर दिलेलं दार), जुनी पीएचपी अपाचे या वेबसर्व्हरवर ८०८० पोर्टवर, आणि सगळ्यांच्या पुढं इंजिनएक्स, तोही वेबसर्व्हरच.

हा पुढं बसलेला इंजिनएक्स म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी. मामाला समजवायला मला दोन मिनिटं लागली, कारण मामा स्वतःच रिव्हर्स प्रॉक्सी आहे! खरीददार आडतीवर येतो, माल कुणाच्या शेतातला, कुठल्या गावचा, त्याला घेणं नाही, तो आडत्याशी बोलतो अन् आडत्या मागं ज्याचा त्याचा हिशोब लावतो. तसंच ब्राउझरला फक्त इंजिनएक्स दिसतो, मागं नोड आहे का पीएचपी, किती पोर्ट आहेत, काही कळत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये जो प्रॉक्सी असायचा तो उलटा, तो खरीददाराच्या बाजूचा माणूस, आपल्या वतीनं बाहेर जाणारा.

आता माती कशी खाल्ली ते. २०२३ मध्ये सरकारनं उस्मानाबादचं धाराशिव अन् औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर केलं, आमच्या साइटच्या पत्त्यात मात्र जुनीच नावं होती. नावाच्या राजकारणात मी पडत नाही, माझे आजोबा शेवटपर्यंत अंबाजोगाईला मोमिनाबादच म्हणायचे अन् त्यांना कुणी चुकीच्या गावाला नेऊन सोडलं नाही. पण पानं बदलायची तर रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणं, आलंच. जुना पत्ता मेला तर गूगलमधून येणारा माणूस ४०४, म्हणजे पान सापडलं नाही, असं बघून परत जाणार. म्हणून स्लॅश उस्मानाबाद वर आला की स्लॅश धाराशिव वर पाठवायचं, ३०१ हा कोड लावून, कारण हा बदल कायमचा. गूगल स्वतः सांगतं की असे रिडायरेक्ट निदान एक वर्ष तरी ठेवा. मी म्हणतो काढूच नका, लोक अजून जुन्याच नावानं शोधतात.

इथपर्यंत बरोबर होतं. त्याच बसणीत मला वाटलं, चाचणीसाठी जो वेगळा सबडोमेन (मूळ नावाच्या आधी शब्द जोडून केलेला पत्ता) केलाय त्यावर कुणी चुकून आलं तर त्याला खऱ्या साइटवर पाठवावं. इंजिनएक्सच्या सेटिंगमधला सर्व्हरचा ब्लॉक कॉपी केला, पेस्ट केला, आणि दोन नावं उलटी पडली. म्हणजे खऱ्या साइटवर येणारा चाचणीवर जायला लागला, जिथं मी सगळ्या मालाचा भाव एक रुपया टाकून ठेवला होता. इंजिनएक्सला हायफन टी देऊन तपासलं तर म्हणतो सिंटॅक्स ओके. खरंच ओके होतं, व्याकरण बरोबरच होतं, अर्थ चुकला होता, ते त्याला कसं कळणार. वीस मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, ओळ काढली, रिलोड मारला, अन् सुटलो म्हणून चहा प्यायला गेलो.

सुटलो कुठला. ३०१ म्हणजे ब्राउझरला तुम्ही सांगता की हा पत्ता कायमचा बदललाय. मग तो शहाण्यासारखं ते लिहून ठेवतो अन् पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरला विचारायलाच येत नाही. त्या वीस मिनिटांत ज्यांनी ज्यांनी साइट उघडली त्या सगळ्यांच्या मोबाईलात हे लिहिलं गेलं, आणि मी सर्व्हरवर डोकं आपटलं तरी ते पुसणार नव्हतं. मामाच्या मोबाईलातली हिस्ट्री-कॅशे मी फोनवर सांगून साफ करून घेतली, पण बाकीच्या शेतकऱ्यांना कुठं शोधत बसू? आधी वाटलं चाचणीवरून परत खऱ्या पत्त्यावर रिडायरेक्ट मारू. पण तसं केलं तर ब्राउझर खऱ्यावर येणार, त्याला आठवणार की हा तर कायमचा बदललाय, तो परत चाचणीवर, परत खऱ्यावर, असा गरगर फिरून शेवटी टू मेनी रिडायरेक्ट्स म्हणून बसणार. मग जुगाड असा केला की परत पाठवताना पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह एन बरोबर एक असं जोडलं, अन् हा रिडायरेक्ट ३०२, म्हणजे तात्पुरता. ब्राउझरच्या वहीत पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, प्रश्नचिन्हासकट. त्यामुळं हा त्याला नवाच पत्ता वाटतो अन् तो सरळ सर्व्हरकडं येतो. चाललं.

तेव्हापासून कुठलाही रिडायरेक्ट आधी ३०२ नं लावतो, दोनचार दिवस बघतो, मगच ३०१. आणि तपासायला ब्राउझर वापरत नाही, तो आठवणी काढत बसतो. कर्ल या कमांडला कॅपिटल आय लावून मारलं की सर्व्हर खरं काय म्हणतोय, कुठला कोड अन् लोकेशनमध्ये कुठला पत्ता, ते दोन ओळीत समोर येतं.

३०१ नं अजून एक दगा दिला. मुनीमजी संध्याकाळी धाराशिवचे भाव भरायचे, सेव्ह दाबायचे, पान परत कोरं. एरर नाही, काही नाही. तीन दिवस त्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकायलंय, म्हातारा माणूस, बोलला पण नाही बिचारा. झालं असं की फॉर्म अजून जुन्या उस्मानाबादवाल्या पत्त्यावर पोस्ट करत होता, ३०१ आडवा आला, आणि ३०१ वर ब्राउझर पोस्टचा (माहिती पाठवणं) गेट (नुसतं पान मागणं) करून टाकतात, मग भरलेली माहिती वाटेतच सांडते. तिथं ३०८ पाहिजे, तो कायमचाच पण पोस्टचा पोस्ट ठेवतो. फॉर्मचा पत्ता बदलला, वर ३०८ पण लावला.

प्रॉक्सीच्या बाजूनं सगळ्यात जास्त वेळ कशानं खाल्ला असेल तर एका स्लॅशनं. इंजिनएक्सच्या सेटिंगमध्ये लोकेशन (कुठला पत्ता पकडायचा) स्लॅश भाव स्लॅश, आणि प्रॉक्सी पास (तो मागं कुठं पाठवायचा) मध्ये पोर्ट ३०००. त्या ३००० च्या पुढं स्लॅश दिला तर इंजिनएक्स जुळलेला भाग कापतो, म्हणजे भाव स्लॅश तूर मागितलं की नोडला नुसतं स्लॅश तूर मिळतं. स्लॅश नाही दिला तर अख्खं भाव स्लॅश तूर जसंच्या तसं जातं. माझ्या नोडमध्ये सगळे रूट, म्हणजे तो ओळखतो ते पत्ते, भाव पासून सुरू होणारे, अन् मी सवयीनं शेवटी स्लॅश टाकलेला. ४०४ यायला लागले, तेही इंजिनएक्सचे नाही तर नोडचे, ते ओळखायलाच मला दुपार गेली. ४०४ चं पान कुणाच्या तोंडचं आहे ते आधी बघा बाबांनो, इंजिनएक्स आपलं नाव खाली लिहितो.

मग गरगर फिरायचा दुसरा प्रकार. एचटीटीपीएस (कुलूपबंद जोडणी) इंजिनएक्सवरच संपतं, तिथून मागं नोडकडं साधं एचटीटीपी जातं. नोडमध्ये मी पूर्वी लिहून ठेवलेलं की साधं एचटीटीपी आलं तर एचटीटीपीएसवर पाठव. त्याला प्रत्येक वेळी साधंच दिसायचं, तो प्रत्येक वेळी पाठवायचा, माणूस येऊन परत तिथंच. उपाय म्हणजे इंजिनएक्सकडून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (माणूस मुळात एचटीटीपीएसनं आला का ते सांगणारी चिठ्ठी) पाठवायचा अन् नोडला सांगायचं की पुढच्या प्रॉक्सीवर विश्वास ठेव.

आडतीच्या भाषेत हे हेडर म्हणजे पट्टीवर खरीददाराचं नाव लिहिणं. नाही लिहिलं तर सगळा माल आडत्यानंच घेतला असं दिसतं. आमच्याकडं तेच झालं होतं, माणसाचा खरा आयपी (इंटरनेटवरचा नंबर) सांगणारा एक्स-फॉरवर्डेड-फॉर लावायचा राहिला, नोडला प्रत्येक माणूस १२७.०.०.१ वरूनच, म्हणजे त्याच सर्व्हरवरून, आलेला दिसायचा. लॉगिनला मी पाच चुकीचे पासवर्ड झाले की आयपी ब्लॉक असं ठेवलेलं. कुणीतरी पाचदा चुकला आणि मामा, मुनीमजी, मी, सगळेच बाहेर. पण हा हेडर कुणीही घरून खोटा लिहून पाठवू शकतो, म्हणून फक्त आपल्या इंजिनएक्सनं लिहिलेलाच खरा धरायचा.

बाकी किरकोळ. पट्टीचा फोटो चढंना झाला अन् ४१३ (फाइल फार मोठी) आला तर इंजिनएक्समधलं क्लायंट मॅक्स बॉडी साइझ वाढवा, मुळात ते एकच एमबी असतं. ५०२ आला तर बहुतेक वेळा मागचा नोडच मेलेला असतो, इंजिनएक्सला शिव्या देऊ नका. ५०४ म्हणजे मागचा जिवंत आहे पण साठ सेकंदांत उत्तर देऊ शकला नाही.

तो चाचणीचा सबडोमेन मी अजून बंद केलेला नाही. त्याचं एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट पण दर नव्वद दिवसांच्या आत नवं होतंय. परवा लॉग चाळला तर एक मोबाईल अजूनही रोज सकाळी नऊ-साडेनऊला त्याच वाटेनं येतोय, चाचणीवर, तिथून प्रश्नचिन्ह एन बरोबर एक, अन् मग थेट तुरीच्या पानावर. कोण आहे माहीत नाही, पण एक दिवस पण खाडा नाही गड्याचा.