आबाजींची डायरी शोधायची तर आधी पदकाची कड वाचा

लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पेन नेता येत नाही. फक्त शिसपेन्सिल, तीही खोडरबराशिवाय. सामान पारदर्शक पिशवीत. नाव आणि पत्ता सिद्ध करणारे दोन कागद दाखवले की वाचकाचं कार्ड फुकट मिळतं, मोबाइलवर फोटो काढायलाही पैसे पडत नाहीत. रविवार-सोमवार बंद. शंभर वर्षांपूर्वी इराकच्या चिखलात पेन्सिलीनं लिहिलेला कागद समोर येतो, तो इतका धडधाकट की आधी कौतुकच वाटतं. वाचायला लागलं की मात्र जीव जळतो.

गावाकडून नेहमी एकच विचारणा येते: आमचे आबाजी लढाईत होते, डायरी लिहायचे, ती लंडनला असेल का? इथं ‘वॉर डायरी’ नावानं ढिगानं फायली आहेत, म्हणून हा घोळ होतो. ती पलटणीची रोजकीर्द. तारीख, वेळ, ठिकाण आणि काय घडलं, एवढं एक अधिकारी रोज लिहायचा. शिपायाच्या स्वतःच्या डायरीला आघाडीवर मनाईच होती, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. तरी कोणी लपवून लिहिली असेल, तर ती किटबॅगेतून घरी आली असण्याची शक्यता जास्त. माळा, देवघर, लोखंडी पेटीचा तळ हे आधी बघा, विमानाचं तिकीट नंतर.

डायरी नसली तरी पदक बहुतेक घरी सापडतं. त्याच्या कडेवर बारीक ठोकलेली अक्षरं असतात: नंबर, हुद्दा, नाव, शेवटी पलटण. दुसऱ्या महायुद्धातल्या गोऱ्या शिपायांची पदकं कोरी निघतात, आपल्यांच्या पदकांवर नाव असतं. सकाळच्या तिरप्या उन्हात पदक हळूहळू फिरवा, अक्षरं उठून दिसतात. चिंच, राख, लिंबू काही लावू नका. दर दिवाळीला घासून घासून कित्येक पदकांची कड गुळगुळीत झाली आहे, आणि त्या नंबराबरोबर शोधाचा धागाच गेला आहे. एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असलेलं पहिल्या महायुद्धाचं पदक चांदीऐवजी काशाचं निघालं, तर आबाजी लढाऊ पलटणीत नव्हते, मजूर किंवा हमाल तुकडीत होते. त्यात कमीपणा मानू नका, फक्त फाइल वेगळी शोधावी लागते.

पलटण कळली की पुढचं सोपं. पहिल्या महायुद्धाच्या रोजकीर्दी अभिलेखागारात डब्ल्यू.ओ. (वॉर ऑफिस, म्हणजे युद्धखातं) 95 या मालिकेत आहेत. दुसऱ्याच्या मध्यपूर्वेतल्या डब्ल्यू.ओ. 169, इटलीतल्या 170 आणि ब्रह्मदेशातल्या 172 मध्ये. पलटणींची नावं बदललेली आहेत, ते ध्यानात ठेवा: 117 मराठा ही 1922 मध्ये 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली. मराठा शब्दाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग ‘महरट्टा’ (Mahratta) असं आहे, शोधताना ते लिहिलं नाही तर बरंच काही हातून सुटतं. अचलपूर ‘एलिचपूर’ (Ellichpur) म्हणून शोधा, यवतमाळ ‘येओटमाल’ (Yeotmal) म्हणून. महार पलटणींची गोष्ट निराळी. 111 महार 1917 ला उभी राहिली आणि 1921 ला मोडली. आताच्या महार रेजिमेंटची सुरुवात 1941 ची, तिची दुसरी बटालियन 1942 ला आपल्या कामठीलाच उभी राहिली. बटालियनच्या रोजकीर्दीत महिने गायब असतील तर तिच्या ब्रिगेडची फाइल मागवा, तिथं तेच दिवस सापडतात.

जीव जळतो तो इथं. रोजकीर्दीत गोऱ्या अधिकाऱ्याचं नाव असतं, तो आजारी पडला, रजेवर गेला, सगळं असतं. आपल्यांबद्दल लिहिलेलं असतं: तीन शिपाई ठार, अकरा जखमी. नाव नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही तेच झालं. भारतीय शिपायांचे तिथं पलटणीनुसार नुसते आकडे कोरले, नावं नाहीत. अशी स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं 2021 मध्ये असा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. कागद जपला म्हणून इंग्रजाला शाबासकी देताना हे विसरू नये. आणि आपल्याला कागद जपता येत नाहीत असं कोणी म्हणालं, तर धाब्याच्या घरात, गळत्या छताखाली, उधईशी झगडत एखाद्या आजीनं ऐंशी वर्षं सांभाळलेलं पदक त्याला दाखवावं. तिच्या पाठीशी सरकारी तिजोरी नव्हती.

शिपायाच्या स्वतःच्या आवाजाच्या जवळ जाणारी एक गोष्ट मात्र लंडनमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून जाणारी-येणारी पत्रं सेन्सॉर वाचायचा आणि त्यातले उतारे इंग्रजीत करून ठेवायचा. ते ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, क्रमांक एल/एम.आय.एल./5/825 ते 828.

शिपायाचे सेवेचे कागद इकडं नाहीतच. ते रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे मागायचे, मराठा असेल तर बेळगाव, महार असेल तर मध्य प्रदेशातलं सागर. अर्जात नंबर, वडिलांचं नाव, जुना तालुका लिहा. पेन्शनचं पुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर प्रत जोडा. अर्ज कसा करायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

आणि पेटीच्या तळाशी वही खरंच सापडली, तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, गोंद-प्लास्टिकनं शाई कायमची खराब होते. चिकटलेली पानं ओढू नका. खिडकीजवळ, उन्हाबाहेर ठेवून प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानंसुद्धा, कारण दाबून लिहिलेल्याचा ठसा मागच्या पानावर उमटलेला असतो. अक्षर मोडी निघालं तर मूळ वही कोणाच्या हाती देऊ नका, वाचणाऱ्याला फोटोच पाठवा.