फुकट केलेलं, पण तपासून घेतलेलं काम

हिशेब खात्यात बरीच वर्षं काढल्यावर मला आकडे भरण्यापेक्षा त्या आकड्यांना प्रश्न विचारण्यात जास्त रस वाटायला लागला. डेटा अॅनालिसिसचे कोर्स केले, प्रमाणपत्रं मिळवली. पण जाहिरात उघडली की पहिलीच अट, ‘संबंधित कामाचा अनुभव आवश्यक’. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, हे रडगाणं या वाटेवरच्या प्रत्येकाने गाऊन झालंय, त्यात मी भर घालत नाही. मी स्वयंसेवेच्या दाराने आत शिरले. त्यातलं नेमकं काय कामी आलं, तेवढं सांगते.

स्वयंसेवा म्हटलं की कार्यक्रमात खुर्च्या मांडणं, नोंदणीच्या टेबलाशी बसणं असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. तेही लागतंच, मीही केलंय. पण मला हव्या असलेल्या नोकरीत जे काम करावं लागतं तेच काम हवं होतं, ते खरोखर वापरणारा माणूस हवा होता, आणि पटलं नाही तर ‘हे चालणार नाही’ म्हणून परत पाठवणाराही हवा होता. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. घरी बसून केलेले सरावाचे प्रोजेक्ट तिथेच लंगडे पडतात, कारण स्वतःच्या कामाला स्वतःच शाबासकी द्यायची असते.

सुरुवात नकाशांपासून केली, कारण तिथे कुणाची ओळख लागत नाही की मुलाखत द्यावी लागत नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा मदतपथकांना धड नकाशा मिळेना. जगभरच्या लोकांनी उपग्रहाची छायाचित्रं बघून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या ऑनलाइन नकाशावर, रस्ते आणि इमारती काढून दिल्या. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था रीतसर उभी राहिली. २०१४ मध्ये रेड क्रॉस आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या साथीने मिसिंग मॅप्स हा प्रकल्प सुरू झाला. त्यात आपत्ती येण्याआधीच दुर्लक्षित भागांचे नकाशे करून ठेवतात. कामाची पद्धत साधी असते. भूभागाचे चौकोन पाडलेले असतात. एक चौकोन उचलायचा, छायाचित्रात दिसतील त्या इमारती रेखायच्या आणि ‘पूर्ण’ म्हणून सोडायचा. मग तुमच्याहून अनुभवी कुणीतरी तो तपासतो.

तपासणाऱ्याने मला लिहिलेला पहिला शेरा अजून आठवतो: ‘तुम्ही छप्पर रेखताय. इमारत जमिनीला जिथे टेकते तिथे रेघ हवी.’ छायाचित्र थोडं तिरकं घेतलेलं असलं की उंच इमारतीचं छप्पर पायापासून बाजूला सरकल्यासारखं दिसतं. घराचे कोपरे काटकोनात आणायला नकाशा काढायच्या प्रोग्राममध्ये एकच बटण दाबायचं असतं, तेही त्यानेच सांगितलं. अनोळखी माणसाने इतक्या नेमकेपणाने आपलं काम तपासावं, याची मला नोकरीत सवयच राहिली नव्हती. तिथे एक तर ‘ठीक आहे’ नाही तर थेट बोलणी. शिवाय या नकाशावरचा प्रत्येक बदल तुमच्या नावावर कायम दिसतो, कुणीही उघडून बघू शकतो. पुरावा म्हणून आणखी काय हवं?

पण मला टेबलांत, नोंदींत शिरायचं होतं. रुग्णांना लागणारं साहित्य काही काळासाठी वापरायला देणारी एक छोटी संस्था ओळखीतून कळली. व्हीलचेअर, वॉकर, हवेच्या गाद्या, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असं सगळं. वस्तू बाहेर जायच्या, परत यायच्या किंवा यायच्याच नाहीत, आणि कुठली कुणाकडे आहे हे फक्त तिथल्या समन्वयक ताईंना तोंडपाठ. त्या आजारी पडल्या की संस्थाही अंथरुणाला खिळायची.

काम सुरू करण्याआधी मी एक पानभर कागद केला. काय करणार: देवाणघेवाणीची नोंदवही साफ करणार आणि वस्तू परत मागायला दर आठवड्याला फोन कुणाला करायचा याची यादी आपोआप निघेल असं करून देणार. काय नाही करणार: फोन, वेबसाइट, नवीन सॉफ्टवेअर. काम कोण तपासणार, कधी संपणार, संपल्यावर कुणाच्या हवाली करणार. ताई हसल्या, ‘अगं, एवढं कशाला, आपलं घरचंच आहे.’ घरच्या कामाला अंत नसतो ना ताई, म्हणूनच, असं म्हणून मी सही घेतली. अमेरिकेत टॅपरूट फाउंडेशन २००१ पासून व्यावसायिकांना अशाच कामांना जोडून देतं. त्यांच्याही पद्धतीत कामाची व्याप्ती आधी बांधून घेण्यावर भर असतो. तो का, हे मला पुढे पदोपदी कळलं. ‘जाता जाता फेसबुक पेजकडेही बघशील का?’ याला माझं उत्तर तयार असायचं: कागदात नाही ताई.

आता तारखांबद्दल थोडं, कारण माझं खरं शिक्षण तिथे झालं. वहीतल्या नोंदी दोन वेगवेगळ्या संगणकांवर टंकल्या होत्या, आणि त्यातल्या एकावर महिना आधी, दिवस नंतर अशी मांडणी होती. २५/०६ लिहिलं की तो संगणक गोंधळायचा, कारण पंचविसावा महिनाच नसतो. मग ती नोंद नुसता मजकूर म्हणून चौकटीच्या डाव्या कडेला चिकटायची. पण ०५/०६ लिहिलं, म्हणजे पाच जून, की तो मुकाट्याने सहा मे करून टाकायचा आणि शहाण्यासारखी उजव्या कडेला लावायचा. म्हणजे बघताक्षणी बिघडलेल्या वाटणाऱ्या तारखा खऱ्या होत्या, आणि नीटनेटक्या दिसणाऱ्याच खोट्या असण्याचा संभव होता! कोर्समधला डेटा असा फसवत नाही. तिथे चुका मुद्दाम पेरलेल्या असतात, सापडाव्यात म्हणूनच.

यातून बाहेर काढलं पावती क्रमांकांनी. पावत्या ओळीने फाडलेल्या असतात. ४१० आणि ४१२ दोन्ही जूनच्या असतील तर मधली ४११ मे महिन्याची कशी असेल? असं करत बहुतेक तारखा जागेवर आल्या. उरलेल्या ताईंनी कागदी वहीत बोट फिरवून शोधल्या. तरीही ज्या लागल्या नाहीत त्यांच्यासाठी ‘तारीख संशयित’ असा वेगळा रकाना केला. अंदाज घुसडण्यापेक्षा तो रकाना बरा.

मग यादी. मी ती केली सगळ्यांत जास्त उशीर झालेले सगळ्यांत वर, अशी. कुणीही अशीच करेल. ताईंनी वरची काही नावं वाचली आणि कागद माझ्याकडे सरकवला. ‘या वरच्या लोकांना फोन लावायची माझी हिंमत नाही. यातले काही पेशंट कायमचे अंथरुणावर आहेत, त्यांना ती गादी लागणारच आहे. काही गेले असतील. मला कोण किती उशिरा हे नकोय. आज दारात कुणीतरी व्हीलचेअर मागतंय, तर ती कुणाकडून मिळण्यासारखी आहे, ते सांग.’

सगळा प्रश्नच फिरला. मग मागणीची नोंद वेगळी सुरू केली, आणि ज्या वस्तूची कुणी वाट बघतंय त्याच वस्तूचे घेणारे यादीत वर आले. ज्यांची गरज दीर्घकाळची आहे त्यांना खूण केली, त्यांना फोन करायचाच नाही. सूत्रं मला आधीही येत होती. पण यादी कुणासाठी आणि कुठला निर्णय घ्यायला हवी आहे, हे विचारायचं असतं, ते कुठल्याही कोर्सने माझ्या डोक्यात असं घुसवलं नव्हतं.

जाताना एक पानाच्या सूचना लिहिल्या आणि ते काम पुढे बघणाऱ्या मुलीला समोर बसवलं. तिने यादी काढायची, मी माउसला हात लावायचा नाही. ती जिथे अडली तिथली सूचना मी पुन्हा लिहिली.

पुढे नोकरीच्या मुलाखतीत नेमकं हेच चाललं. प्रमाणपत्रांवरून मुलाखत घेणाऱ्यांची नजर घसरत गेली, आणि ‘०५/०६ चं काय केलंत?’ यावर मात्र बोलणं रंगलं. रेझ्युमेत हे काम मी अनुभवाच्याच भागात घातलं होतं, पुढे ‘स्वयंसेवक’ असं स्पष्ट लिहून. ते लपवणं चूक, आणि शेवटी छंदांच्या शेजारी टाकणंही चूक. लिंक्डइनने २०११ मध्ये प्रोफाइलवर स्वयंसेवेसाठी वेगळा भाग दिला, तेव्हाच्या त्यांच्या पाहणीत ४१ टक्के व्यावसायिकांनी उमेदवार पारखताना अशा कामाला पगारी कामाइतकंच मोल देतो असं सांगितलं होतं. बाकीच्यांचं मन वळवायला तपशील हाताशी हवा. २०१३ चा एक अमेरिकन सरकारी अभ्यासही सारखा पुढे केला जातो: बेरोजगारांपैकी स्वयंसेवा करणाऱ्यांना नोकरी लागण्याची शक्यता २७ टक्क्यांनी जास्त. आकडा खरा आहे, पण जो माणूस उठून स्वयंसेवा करतो तो नोकरीही जास्त चिकाटीने शोधत असणार, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

संस्थेची खरी फाइल मी कुणालाही दाखवली नाही. त्यात लोकांची नावं, फोन नंबर, आजारपणं होती. त्याच रचनेची खोट्या नावांची फाइल बनवली आणि तीच दाखवली. मुलाखत घेणाऱ्यांना तेही आवडलं असावं, कारण खरा डेटा का नाही, हे त्यांनी मुद्दाम विचारलं. शिफारसपत्र मात्र काम ताजं असतानाच मागावं, आणि कशाकशाचा उल्लेख हवा ते मुद्दे सोबत द्यावेत. नाहीतर ‘अत्यंत मेहनती व मनमिळाऊ’ असं पत्र येतं, जे कुणालाही लागू पडतं.

आणि फुकट कुणासाठी राबायचं, याची माझी रेघ ठरलेली आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यासाठी नाही. संस्थेतल्या कुणाचा पगार वाचवण्यासाठीही नाही. एक काम करून जाणं वेगळं, दर महिन्याची पाळी लावून घेणं वेगळं. मध्यंतरी एका खासगी क्लासवाल्यांनी निरोप धाडला, तुम्ही संस्थेला करून दिलंत तसंच आमच्या फीच्या थकबाकीचं करून द्या, दर महिन्याला, तेवढाच तुम्हाला अनुभव. मी त्यांना दरपत्रक पाठवलं. त्यावर त्यांचा फोन आला नाही, आणि तो न आल्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.