ताप येऊन गेला, वारेत काय दिसतं?

'गरोदरपणात करोना होऊन गेला, डॉक्टरांनी वार (प्लॅसेंटा) तपासायला पाठवली, तीत नेमकं काय बघतात?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

बहुतेकदा विशेष काही सापडत नाही. पूर्ण दिवसांची वार, नाळ आणि पडदे कापून, साधारण 450 ते 500 ग्रॅम भरते. तिच्यात बाळाच्या रक्तवाहिन्यांचे असंख्य अंकुर असतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून आईचं रक्त खेळतं. अंकुरांवरचं ट्रोफोब्लास्ट पेशींचं आवरण शाबूत असलं की बरेच विषाणू तिथेच अडतात.

करोनाने थोड्याच वारी नासवल्या, पण नासवल्या त्या पार. अशी वार चिरली की लाल, स्पंजासारखा गर दिसायचा तिथे फिकट, घट्ट जाळी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी एकत्र भेटतात: फटींत हिस्टिओसाइट या प्रतिकार पेशींची गर्दी, अंकुरांभोवती फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) गिलावा आणि मेलेलं ट्रोफोब्लास्ट. फटी बुजल्या की आईचं रक्त अंकुरांपर्यंत पोचत नाही. बाळाला स्वतःला लागण नसली तरी ते गुदमरतं. दगावलेल्या 68 बाळांच्या, 12 देशांतून आलेल्या वारींचा अभ्यास 2022 मध्ये छापून आला. त्यात सरासरी 77.7 टक्के ऊती निकामी झाल्या होत्या.

सायटोमेगॅलोव्हायरस या दुसऱ्या विषाणूची खूण वेगळी. अंकुरांत प्लाझ्मा पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या) येतात आणि नशीब असेल तर घुबडाच्या डोळ्यासारखं केंद्रक असलेली एखादी फुगलेली पेशी सापडते. पार्वोव्हायरस बाळाचं रक्त कमी करतो, म्हणून वार मोठी, सुजलेली, फिकट.

रिपोर्टात नुसतं 'क्रॉनिक व्हिलायटिस' (अंकुरांचा जुनाट दाह) असेल तर विषाणूला लगेच दोष देऊ नका. बहुतेकदा संसर्ग सापडतच नाही. आईच्या टी-पेशीच (प्रतिकारशक्तीच्या पेशी) अंकुरांत शिरलेल्या असतात. हे पुढच्या खेपेलाही होऊ शकतं, तेव्हा कागद जपून ठेवा.

तपासणी बिघडते ती बहुधा लेबर रूममध्येच. अख्खी वार अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबतात, वर जेमतेम बुडेल इतकं फॉर्मालिन (ऊती टिकवणारं द्रावण). ती बाहेरून पक्की होते, आतून सडते. रुंद डबा घ्या, 10 टक्के फॉर्मालिन भरपूर घाला. पीसीआर करायची असेल तर ताजा तुकडा आधीच वेगळा काढा. ताजी वार लगेच पाठवता येत नसेल तर 4 अंशांवर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये पेशी फुटतात. आणि फॉर्मवर नुसतं 'प्लॅसेंटा, एचपीई' (म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) नको. किती आठवड्यांची प्रसूती, बाळाचं वजन, ताप कितव्या महिन्यात आला, हे लिहा. आठवडे कळल्याशिवाय वार लहान की मोठी हे ठरत नाही, आणि संशय कळवला नाही तर विषाणू दाखवणारा खास स्टेन (रंग) कुणी मागवत नाही.