लिव्हर फोरमध्ये, पुढची चाकं सुट्टीवर

आम्ही जुना फोर व्हील ड्राइव्ह ट्रक, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी गाडी, घेऊन गेलो त्या वाटेवर ओढा ओलांडल्यावर पठाराकडे चढणारा जो साधारण तीनशे मीटरचा तुकडा आहे, तो एकट्या गाडीने करू नका. एवढं वाचून थांबलात तरी चालेल. आम्हाला वाट सांगणारा छातीठोकपणे म्हणाला होता, "कोरडा ठणठणीत आहे, साधी कारसुद्धा जाईल." कार जाईल, पण तिथेच राहील.

त्या तुकड्याची बदमाशी अशी की तो दिसतो खरोखरच कोरडा. वर पापुद्रा वाळलेला, त्याला भेगा, चालत गेलात तर बुटाला मातीसुद्धा लागत नाही. त्याखाली काळी चिकणमाती आहे आणि ती आतल्या आत ओलीच राहते. दोन टनांचा ट्रक पापुद्र्यावर आला की तो फुटतो आणि चाक थेट जुन्या चाकोरीत बसतं. चाकोऱ्या आधीच कोणीतरी ट्रॅक्टर घालून खोल करून ठेवल्यात, आणि ट्रॅक्टरचं पोट आपल्यापेक्षा बरंच उंच असतं. आपल्या गाडीचा डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा मधल्या उंचवट्यावर टेकतो, चाकं अधांतरी होतात आणि खेळ संपतो. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. पहार घेऊन चालत जा आणि दर चार पावलांवर खुपसून बघा. हाताच्या जोरावर वीतभराहून आत गेली, तर तिथे गाडीही जाणार.

सकाळचा रस्ता छान होता. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

ओढ्याचंही थोडक्यात. आधी पायी उतरा. जिथे तुम्हाला उभं राहता येत नाही तिथे गाडी घालू नका. लो रेंज (संथ पण जास्त ओढीचे गिअर), दुसरा गिअर, एकसारखा वेग, मध्ये क्लच नाही. गाडी पाण्यात बंद पडली आणि पाणी एअर फिल्टरपर्यंत पोचल्याची शंका असेल तर स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. आणि पाण्यात उतरण्याआधी गाडी पाच-दहा मिनिटं उभी करा. एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा भाग) चालून चालून तापलेला असतो. गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (एक्सलचं हवा जाण्या-येण्याचं छिद्र) तुंबलेला असेल तर तेल अडवणाऱ्या सीलमधून एक्सल पाणी ओढून घेतो. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिनच्या खोलीत उंचावर नेऊन ठेवा. जुन्या ट्रकवर याहून स्वस्त आणि याहून उपयोगी काम नाही.

आता मुख्य गोष्ट. आमचा ट्रक जुन्या वळणाचा आहे: पुढे-मागे पाटे, पुढेही सॉलिड एक्सल, पार्ट-टाइम फोर व्हील (हवं तेव्हाच लिव्हरने जोडायचं), आणि पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब (लॉक केले की चाक एक्सलला जोडलं जातं, फ्री केले की मोकळं राहतं). दोन्ही हब लॉकवर होते, लिव्हर लो फोरमध्ये होतं, डॅशबोर्डवर हिरवा दिवा जळत होता. तुकड्याच्या मध्यावर गाडी मंदावली आणि ठाण मांडून बसली. मित्र बाहेरून ओरडला, "अरे, पुढची फिरतच नाहीयेत! नुसती मागची गरगरतायत."

दिवा जळतोय म्हणजे पुढच्या चाकांना ताकद मिळते आहे, असं बरेच जण धरून चालतात. तो दिवा फक्त ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद पाठवणाऱ्या गिअरच्या खोक्याचा) गिअर पडला एवढंच सांगतो. तिथून ताकद पुढच्या प्रोपेलर शाफ्टने डिफमध्ये (डिफरन्शियलमध्ये) जाते, डिफमधून दोन हाफ शाफ्टमध्ये, आणि हाफ शाफ्ट चाकाला जोडण्याचं काम हब करतो. साधा, लॉक नसलेला डिफ ताकद नेहमी सोप्या वाटेने पाठवतो. त्यामुळे दोनांपैकी एक हब जरी आतून गुंतला नसेल, तरी त्या बाजूचा मोकळा शाफ्ट वाऱ्यावर फिरत राहतो आणि दुसऱ्या चाकालाही काही मिळत नाही. अर्धी नाही, पुढची पूर्ण ओढ जाते. म्हणजे इतका वेळ आम्ही टू व्हील ड्राइव्ह ट्रक घेऊन त्या चिखलात घुसलो होतो.

उजव्या हबचं झाकण तिथेच उघडलं. चिखलात गुडघे टेकून, बोल्ट टोपीत ठेवत. आत बेअरिंगचं ग्रीस ठासून भरलेलं, मेणासारखं घट्ट. खटका बाहेरून लॉकवर फिरत होता, पण आतली सरकती रिंग त्या ग्रीसमध्ये रुतून अर्ध्यावर थांबलेली. स्प्रिंग बिचारी तिला ढकलते, पण ग्रीसपुढे तिचं काय चालणार. काही आठवड्यांपूर्वी ज्याने सर्व्हिसिंग केलं त्याने चाकाच्या बेअरिंगला लावतो त्याच हाताने हबमध्येही ग्रीस कोंबलं होतं. बिलावर मात्र "हब चेक" लिहिलेलं. हबला ग्रीस म्हणजे बोटाने पुसल्यासारखा पातळ थर, बस्स. पुसलं, डिझेलने धुतलं, रिंग बोटाने सरकवून बघितली, खट् करून बसली.

जाता जाता: हे हब आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराच्या उरलेल्या जीपा सर्वसामान्यांच्या हाती आल्या, आणि डांबरी रस्त्यावर पुढचा सगळा लवाजमा विनाकारण फिरत राहू नये म्हणून असे हब बसवायला सुरुवात झाली. आर्थर वॉर्न यांची कंपनी १९४८ मध्ये याच कामासाठी उभी राहिली. विंच (गाडीवर बसवलेलं दोरी ओढायचं यंत्र) नंतर आली. इतकी जुनी आणि इतकी साधी वस्तू, पण कोणी उघडून बघत नाही.

घरी तपासायची पद्धत लिहून ठेवतो, कारण ही कोणी सांगत नाही. सपाट जागी हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, लिव्हर टू व्हीलमध्ये, पुढचा एक्सल जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. दोन्ही हब फ्री: चाक हाताने फिरवा, फक्त चाकच फिरलं पाहिजे. एक हब लॉक करा, पुन्हा फिरवा: आता आतला हाफ शाफ्ट चाकाबरोबर फिरताना दिसला किंवा ऐकू आला पाहिजे. मग दुसऱ्या बाजूला तेच. दोन्ही लॉक करून एक चाक फिरवलं की दुसरं उलट फिरतं किंवा पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतो. यातलं एक जरी झालं नाही तर गाडी अंगणाबाहेर काढू नका. पाव तासाचं काम आहे, आणि कुठल्याही सर्व्हिसिंगनंतर ते स्वतः करा. दुसऱ्याच्या सहीवर सोडू नका.

हब दुरुस्त झाला म्हणून गाडी लगेच निघाली नाही. पोट टेकलेलं होतं. अशा वेळी पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. चाक एकदा रिकामं फिरलं की थांबा. त्यापुढचा प्रत्येक फेरा म्हणजे स्वतःच्या खड्ड्यासाठी केलेली मजुरी. दुसरी चूक म्हणजे खाली न बघता लगेच ओढायचा पट्टा लावणं. किती ओढ लागणार याचा लष्करी रिकव्हरीतला (अडकलेली गाडी बाहेर काढण्याच्या कामातला) अंदाज लक्षात ठेवण्यासारखा आहे: चाकापर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतकी, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. म्हणजे फावड्याने काढलेली प्रत्येक घमेलंभर माती दोरीवरचा ताण कमी करते. खणणं कंटाळवाणं आहे, हात भरून येतात, चिकणमाती फावड्याला सोडत नाही. तरीही खणा. चारही चाकांच्या जायच्या बाजूला उतार काढा आणि डिफखालचा उंचवटा फोडा.

त्याआधी हवा काढा. आम्ही टायर १८ पीएसआयवर आणले. टायर रुंद होतो असं वाटतं, पण खरा फायदा लांबीचा असतो, जमिनीला टेकणारा भाग पुढे-मागे वाढतो. साध्या रिमवर १५ च्या खाली जायला मी तयार नाही. वळताना टायर रिमवरून सुटला तर त्या चिखलात तो परत बसवणं म्हणजे शिक्षा आहे.

हाय-लिफ्ट जॅकबद्दल (लांब दांड्याच्या, गाडी उंच उचलणाऱ्या जॅकबद्दल) माझं मत: चिखलात तो जॅक नाही, अपघात आहे. खाली रुंद फळी नसेल तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो, आणि गाडी घसरली की दांडा हनुवटीवर येतो. आम्ही फळीवर ठेवून एकच चाक उचललं, खाली ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या फळ्या) सरकवले आणि जॅक लगेच बाजूला ठेवला. दांड्याच्या वर डोकं कधीही नेऊ नका.

ओढ उलट्या दिशेने घेतली, आलो त्याच बाजूला. तयार चाकोरी असते, उतार मदत करतो, जमीन ओळखीची असते. पुढे ओढून काढायचा हट्ट फक्त व्हिडिओत चांगला दिसतो. मित्राचा ट्रक मागे पक्क्या जमिनीवर होता. हिसक्याची ओढ द्यायची असेल तर नायलॉनचा ताणणारा पट्टा किंवा तशीच ताणणारी कायनेटिक दोरीच हवी. साधा पॉलिएस्टरचा टोइंग पट्टा ताणत नाही, त्याला हिसका दिला की सगळा धक्का चासीला बसतो. पट्ट्याची तुटण्याची क्षमता दोनांपैकी हलक्या गाडीच्या भरल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. पट्टा लावायचा चासीला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटला. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, टो बॉलला, कधीच नाही. तो गोळा तुटून काच फोडून आत आल्याने माणसं गेली आहेत. बाकीचे सगळे पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, बाजूला, फोटो काढणारासुद्धा. दोन पट्टे जोडायची वेळ आली तर मध्ये शॅकल (लोखंडी कडी) घालू नका, पट्टा तुटला की तो शॅकल तोफगोळा होतो.

विंच असलेल्यांसाठी एकच गोष्ट. खोक्यावर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थरावरची असते. दोरी जितकी जास्त गुंडाळलेली, तितकी ओढ कमी. झाड जवळ असेल तर मध्ये पुली टाकून दोरी परत गाडीला आणा: वेग निम्मा होतो, ओढ जवळपास दुप्पट. खोडाला रुंद पट्टाच गुंडाळा, दोरी थेट नाही.

गाडी सुटली. मग दोन्ही हब खरोखर लॉक करून, १८ पीएसआयवर, लो सेकंडमध्ये, चाकोरी सोडून उंचवट्यावर चाकं ठेवत तोच तुकडा पुन्हा घेतला. ट्रक न थांबता वर गेला. जोरात ओरडलो आम्ही. त्या क्षणी वाटलं ही गाडी कुठेही जाईल, आणि हे लिहितानाही तसंच वाटतंय, तेव्हा माझ्या उत्साहातून थोडं वजा करूनच वाचा. पठार मोठं आहे, वारा आहे. परतताना दुसरी वाट घ्या, लांब आहे पण मुरमाची आहे.

डांबरी लागताच लिव्हर टूमध्ये टाका आणि हवा भरा. पार्ट-टाइम फोरमध्ये मध्यभागी डिफरन्शियल नसतो. कोरड्या डांबरावर पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि लिव्हर अडकतं. अडकलंच तर जोर लावू नका, थोडं सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो. कमी हवेवर वेगाने गेलात तर टायरच्या कडा तापून फाटतात.

रविवार पूर्ण गाडीखाली गेला, आणि तुमचाही जाणार हे धरूनच निघा. सोमवारी कामाला जायचं असेल तर हा तुकडा शनिवारीच करा. सगळ्यात आधी मागचे ब्रेक ड्रम उघडा. चिकणमाती आत शिरते, वाळते आणि लायनर व ड्रम दोन्ही कानशीने घासल्यासारखे खाते. बाहेरून पाइपने धुऊन ती निघत नाही. आमच्या ड्रममधून मूठभर निघाली.

मग डिफ. गाडी रात्रभर उभी राहिली की आत शिरलेलं पाणी तळाशी बसतं. आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का बघा, मगच खालच्याला हात लावा. सगळं तेल काढून टाकलं आणि वरचा प्लग हललाच नाही, तर गाडी जागेवरच राहते. खालचा प्लग जेमतेम सैल करा. आधी पाणी ठिबकलं किंवा तेल दुधाळ दिसलं तर पूर्ण बदला. डिफला जीएल-५ दर्जाचं गिअर तेल चालतं, पण तेच उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतायचा मोह टाळा. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या) असतात, त्यांना पुस्तिकेत जीएल-४ सांगितलं असेल तर तेच घाला.

प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना (टोकांच्या सांध्यांना) आणि सरकत्या जोडाला ग्रीस गनने नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत द्या, त्याबरोबर मातकट पाणी निघतं. रेडिएटरच्या जाळीतली माती इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळ नेला की फिन्स आडव्या होतात. पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. पुढचं चाक उचलून वरून-खालून धरून हलवा, खेळ लागला तर बेअरिंग उघडावं लागेल. आमच्या उजव्या बाजूला किंचित खेळ आहे आणि नकलचा (पुढचं चाक वळतं त्या सांध्याचा) सील पाझरतोय, त्यामुळे ती बाजू उघडल्याशिवाय ट्रक पाण्यात नेणार नाही.